सार्जंट पेपर चोविसाव्या नंबरवर का गेला?

अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकानं २००३ साली सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी छापली. पहिला नंबर बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या १९६७ च्या अल्बमला मिळाला. २०२० साली त्याच नियतकालिकानं नव्यानं मतं मागवून पुन्हा ५०० ची यादी केली, तेव्हा हाच अल्बम २४ व्या नंबरवर होता. पहिल्या नंबरवर मार्विन गेचा १९७१ चा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आला. आधी तो सहावा होता. लॉरिन हिलचा १९९८ चा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ तर तीनशेच्या पलीकडून उठून दहाव्या नंबरवर येऊन बसला.

मधल्या सतरा वर्षांत या तिन्ही अल्बममधला एकही सूर हललेला नव्हता. मग हललं काय?

अशा यादीवरून वाद पेटला की तीन पक्ष पडतात. एक म्हणतो, लोकांनी जे भरभरून विकत घेतलं, ऐकलं, तेच मोठं. दुसरा म्हणतो, खपाचं काय, पुढच्या संगीतावर ज्याचा ठसा उमटला ते मोठं. तिसरा म्हणतो, मला जे आवडतं ते मी लिहिणार, बाकीचं मला सांगू नका. या वादात माझी एक बाजू आहे आणि ती मी मांडणारही आहे. पण त्याआधी या तिन्ही मोजपट्ट्या आतून कशा चालतात ते पाहायला हवं, कारण त्यांतली एकही दिसते तितकी सरळ नाही.

खप मोजायचा कुणी, कुठे उभं राहून?

लोकप्रियता हा सर्वांत बिनवादाचा निकष वाटतो. किती प्रती गेल्या ते मोजा आणि मोकळे व्हा. पण अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाचा खपाचा तक्ता १९९१ पर्यंत मुख्यतः दुकानांना विचारून तयार व्हायचा. या आठवड्यात काय चाललं, हे दुकानातला माणूस अंदाजानं क्रम लावून सांगायचा. त्या अंदाजात त्याची स्वतःची आवड मिसळायची आणि रेकॉर्ड कंपन्यांचा आग्रहही.

२५ मे १९९१ च्या अंकापासून बिलबोर्डनं अल्बमच्या तक्त्यासाठी साउंडस्कॅन या यंत्रणेचे आकडे घ्यायला सुरुवात केली. गल्ल्यावर बारकोड वाचला गेला की विक्रीची नोंद होणार, इतकी ती साधी होती. पण तक्त्याचा चेहरामोहरा पालटला. रॅप आणि कंट्री संगीत (अमेरिकेच्या ग्रामीण भागात, विशेषतः दक्षिणेत रुजलेली गाण्यांची परंपरा) एकदम वर चढलं. जूनमध्ये एन. डब्ल्यू. ए. या कॅलिफोर्नियातल्या रॅप गटाचा अल्बम पहिल्या नंबरवर पोचला. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्स या कंट्री गायकाचा ‘रोपिन द विंड’ बाजारात आला तोच पहिल्या नंबरवर. हे सगळे श्रोते काही त्या उन्हाळ्यात जन्माला आले नव्हते. ते आधीपासून रेकॉर्ड विकत घेत होते, फक्त मोजणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात नव्हते.

आपल्याकडे याच्याच जवळचा पेच अमीन सयानी यांना ‘बिनाका गीतमाला’ चालवताना पडला होता. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या या कार्यक्रमात पुढे गाण्यांचे क्रम लागू लागले, गाणी एकेक ‘पायदान’ चढू-उतरू लागली. क्रमाला आधार होता रेकॉर्डच्या दुकानांतल्या विक्रीचा. पण एखादं गाणं फार गाजलं की त्याची रेकॉर्ड दुकानातून संपून जायची आणि नवा माल येईपर्यंत विक्री थंडावायची. म्हणजे ज्या गाण्यासाठी लोक दुकानात खेटे घालत होते, तेच गाणं कागदावर घसरलेलं दिसायचं. म्हणून दुकानांच्या आकड्यांना गावोगावच्या श्रोता संघांच्या पसंतीची जोड दिली गेली. मला ही दुरुस्ती फार महत्त्वाची वाटते. दुकानाचा आकडा ‘काय विकलं गेलं’ एवढंच सांगतो. ‘काय हवं होतं’ हे त्याला ठाऊक नसतं.

चौकट : ‘अल्बम खपला’ म्हणजे नेमकं काय मोजलं?

• अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना १९७६ पासून १० लाख प्रतींना ‘प्लॅटिनम’ दर्जा देते. मुळात हा हिशेब ग्राहकानं घेतलेल्या प्रतींचा नव्हता, तर कंपनीनं दुकानांकडे रवाना केलेल्या प्रतींमधून परत आलेल्या वजा करून केलेला असायचा.
• दोन तबकड्यांचा मोठा अल्बम या हिशेबात दोनदा मोजला जातो. पिंक फ्लॉइडचा ‘द वॉल’ २३ वेळा प्लॅटिनम आहे. म्हणजे संच साधारण १ कोटी १५ लाख.
• २०१४ च्या डिसेंबरपासून बिलबोर्डनं इंटरनेटवरचं ऐकणंही खपात धरलं. अल्बममधली गाणी मिळून १,५०० वेळा ऐकली गेली की एक अल्बम ‘विकला गेला’ असं मानलं.
• २०१८ साली त्यात भेद केला : पैसे भरणाऱ्यांनी ऐकलं तर १,२५० वेळा, जाहिराती सोसून फुकट ऐकलं तर ३,७५० वेळा.

या चौकटीतलं शेवटचं कलम पुन्हा वाचून पाहा. २०१८ च्या त्या नियमात पैसे न भरणाऱ्या तीन श्रोत्यांचं ऐकणं मिळून पैसे भरणाऱ्या एकाच्या बरोबरीला यायचं. व्यवसायाच्या दृष्टीनं हा हिशेब समजण्यासारखा आहे. पण हा तक्ता उचलून कुणी ‘लोकांचा कौल’ म्हणून दाखवू लागला, तर कुठल्या लोकांचा, हे विचारायलाच हवं.

गर्दीमागे गर्दी

समजा, मोजणी अगदी निर्दोष झाली. तरी एक अडचण उरतेच. लोक एकमेकांकडे पाहून ऐकतात.

मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघा संशोधकांनी याचा एक सुरेख प्रयोग केला आणि तो २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी फारशा कुणाला माहीत नसलेल्या बँडची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली. १४,३४१ जणांनी भाग घेतला. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसत. ऐकायचं, आवडलं तर उतरवून घ्यायचं. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत वाटून टाकलं होतं, आणि आपल्या गटातल्या इतरांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं हा आकडाही त्यांना दिसत होता. आठही गटांची सुरुवात शून्यापासून, गाणी तीच, गटांचा एकमेकांशी संबंध नाही. एकच इतिहास आठ वेळा घडवून पाहावा, तसा हा प्रकार.

दोन गोष्टी दिसल्या. जिथे दुसऱ्यांचे आकडे दिसत होते तिथे पुढची गाणी आणखी पुढे गेली, मागची आणखी मागे पडली. दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. कोणतं गाणं पुढे जाणार हे गटागणिक बदललं. आकडे न दिसणाऱ्यांच्या पसंतीत एक गाणं ४८ पैकी २६ वं होतं, म्हणजे मधलंच. ते एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्यात ४० वं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी सुमार गाणी सहसा डोक्यावर बसली नाहीत. पण या दोन टोकांच्या मधलं काहीही कुठेही जाऊ शकत होतं.

म्हणजे लोकप्रियता अगदीच आंधळी नसते, पण तिच्या आकड्यात गुणाइतकाच पहिल्या काही श्रोत्यांचा योगायोगही मुरलेला असतो. आणि तो आकडा कायमचाही नसतो. इंग्लंडचा गायक निक ड्रेक १९७४ साली वयाच्या २६ व्या वर्षी गेला, तेव्हा त्याचे तिन्ही अल्बम जेमतेम खपलेले होते. त्यातला शेवटचा १९७२ चा ‘पिंक मून’. शतकाच्या अखेरीला अमेरिकेत फोक्सवॅगनच्या एका जाहिरातीत त्याचं शीर्षकगीत वाजलं आणि खप एकाएकी वाढला. यात कोणता आकडा खरा मानायचा, जाहिरातीआधीचा की नंतरचा?

प्रभाव : उशिरा येणारी पावती

खपाला कंटाळलेला माणूस बहुधा प्रभावाकडे वळतो, आणि त्याच्या हाती एक भक्कम दाखला असतो. ‘द व्हेल्वेट अंडरग्राउंड अँड निको’ हा अल्बम १९६७ च्या मार्चमध्ये, सार्जंट पेपरच्या काही आठवडे आधी आला. बिलबोर्डच्या तक्त्यात तो त्या वेळी पहिल्या शंभरातही पोचला नाही. ब्रायन ईनो या संगीतकारानं १९८२ मधल्या एका मुलाखतीत सांगितलं त्याचा आशय असा, की सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या तीसेक हजार प्रती गेल्या असतील, पण घेणाऱ्या प्रत्येकानं स्वतःचा बँड काढला. यात अतिशयोक्ती आहे, पण दिशा बरोबर आहे.

या बँडच्या प्रभावाची मला सर्वांत ओढ लावणारी कथा न्यूयॉर्कपासून फार लांब घडली. चेक नाटककार व्हाक्लाव्ह हावेल १९६८ साली न्यूयॉर्कला गेले होते. परतताना त्यांनी व्हेल्वेट अंडरग्राउंडची रेकॉर्ड प्रागला नेली. त्याच वर्षी सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि त्याच वर्षी तिथे ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ नावाचा बँड उभा राहिला. तो सुरुवातीला व्हेल्वेट अंडरग्राउंडची गाणी वाजवायचा. सरकारनं त्यांचा वाजवण्याचा परवाना काढून घेतला. ते खेड्यापाड्यांत लपून कार्यक्रम करत राहिले. १९७६ साली त्यांना पकडून खटला चालवला गेला. त्या खटल्याच्या संतापातून हावेल आणि त्यांचे सहकारी एकत्र आले आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘चार्टर ७७’ हा नागरी हक्कांचा जाहीरनामा निघाला. १९८९ च्या अखेरीला हावेल देशाचे अध्यक्ष झाले. ही साखळी कोणत्या खपाच्या तक्त्यात दिसली असती?

म्हणून प्रभावाच्या बाजूनं बोलणाऱ्यांविषयी मला आदर आहे. तरीही या मोजपट्टीत तीन खोट आहेत.

पहिली म्हणजे वेळ. प्रभाव दिसायला वीस-तीस वर्षं जावी लागतात. तोवर नवा अल्बम रांगेत मागेच उभा राहणार.

दुसरी म्हणजे प्रभाव कुणाच्या नावावर चढतो. सार्जंट पेपरमधल्या जॉर्ज हॅरिसनच्या ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्यात दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवणारे वादक लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधून आलेले भारतीय होते. अल्बमवर त्यांची नावं छापली गेली नाहीत. पाश्चात्त्य पॉपमध्ये भारतीय नाद आणल्याचं श्रेय हॅरिसनला मिळालं, आणि त्याची तळमळ खरी होती यात शंका नाही. जानेवारी १९६८ मध्ये तो मुद्दाम मुंबईच्या एच. एम. व्ही. स्टुडिओत येऊन ‘वंडरवॉल म्युझिक’साठी इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेला. पण ज्यांच्या बोटांतून तो नाद उमटला, ते प्रभावाच्या इतिहासात फार काळ निनावीच राहिले.

तिसरी खोट सर्वांत मोठी. प्रभाव बऱ्याचदा अल्बमचा नसतोच. १९६९ मध्ये ‘द विन्स्टन्स’ या गटानं एका छोट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूवर ‘आमेन, ब्रदर’ नावाचं वाद्यसंगीत टाकलं. त्यात ग्रेगरी कोलमननं वाजवलेला ड्रमचा साधारण सहा सेकंदांचा एक तुकडा आहे. पुढे रॅपमध्ये आणि इंग्लंडच्या नृत्यसंगीतात तो हजारो गाण्यांत कापून, जोडून, पळवून वापरला गेला. प्रभावच मोजायचा तर या सहा सेकंदांना फार वरचा नंबर द्यावा लागेल. पण अल्बमच्या यादीत त्यांना जागाच नाही.

विशीत ऐकलेलं

आता आवड. ‘आवड ज्याची त्याची’ म्हणून हा निकष लोक झटकून टाकतात, पण आवडीलाही वळण असतं आणि ते अभ्यासता येतं. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या वयांच्या १०८ लोकांना निरनिराळ्या दशकांतली गाजलेली गाणी ऐकवून कोणती किती आवडतात ते विचारलं. ज्या वेळी ऐकणारा सुमारे साडेतेवीस वर्षांचा होता, त्या काळातली गाणी सरासरीनं सर्वांत प्रिय ठरली. पाहणी लहान होती, तेव्हा साडेतेवीस या आकड्याला कवटाळून बसायचं कारण नाही. पण विशीच्या आसपास कानावर पडलेलं मनात घर करतं, हे आपल्या घरातल्या तीन पिढ्यांकडे पाहिलं तरी पटेल.

आता रोलिंग स्टोनचं गणित मांडू. १९६७ साली जो वीस वर्षांचा होता, तो २००३ मध्ये ५६ वर्षांचा, म्हणजे संपादक, निर्माता, नामवंत गायक अशा जागी बसलेला आणि मत देणाऱ्या २७३ जणांत असण्याची दाट शक्यता असलेला. १९९८ साली जी वीस वर्षांची होती, ती २०२० मध्ये ४२ वर्षांची. दुसऱ्या यादीसाठी तीनशेहून अधिक लोकांना विचारलं गेलं, त्यात बियॉन्से, टेलर स्विफ्ट आणि तेव्हा अठरा वर्षांची असलेली बिली आयलिश होती. लॉरिन हिलची झेप इथे बरीचशी उलगडते.

‘व्हॉट्स गोइंग ऑन’चं पहिलं येणं मात्र अगदी नवं नव्हतं. इंग्लंडच्या ‘एन. एम. ई.’ साप्ताहिकाच्या समीक्षकांनी १९८५ सालीच त्याला पहिला नंबर दिला होता, आणि त्याच साप्ताहिकाच्या १९७४ च्या यादीत पहिला होता सार्जंट पेपर. म्हणजे जो बदल अमेरिकेत २०२० साली बातमी झाला, तो एन. एम. ई.च्या कार्यालयात पस्तीस वर्षं आधीच होऊन गेला होता.

एकाच माणसाच्या आवडीच्या हाती सगळ्या चाव्या दिल्या तर काय होतं, हे आपण पाहिलेलं आहे. पुण्यात जन्मलेले डॉ. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम आणि चित्रपटगीतांविषयी तितकीच नापसंती. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ नाहीशी झाली, आणि श्रोते रेडिओची सुई फिरवून सिलोनला गेले. गीतमालेचं यश त्या रिकाम्या जागेत उगवलं. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली. पण केसकरांच्या त्याच हट्टातून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम आणि आकाशवाणी संगीत संमेलनही उभं राहिलं, आणि संस्थानं गेल्यावर आश्रय गमावलेल्या कितीतरी गवयांना घराघरात पोचता आलं. ठाम आवडीनं हे घडवलं. बाजारानं ते केलं नसतं. चूक आवड असण्यात नव्हती, दुसऱ्याच्या आवडीला दार बंद करण्यात होती.

तीच मतं, निकाल दुसरा

समजा तीनशे जणांनी प्रामाणिकपणे आपापली आवड लिहून दिली. आता त्यांतून एक यादी करायची. इथे गणित शिरतं, आणि वाचकाला ते कधीच दिसत नाही.

पाच मतदार घ्या. तिघांचा क्रम अ, ब, क. दोघांचा क्रम ब, क, ड. पहिल्या नंबरला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ असे दिले तर ‘अ’ला ९ आणि ‘ब’ला १२ गुण होतात. पाचातल्या तिघांचा पहिला असूनही ‘अ’ हरला. आता पहिल्या नंबरला १० गुण द्या, बाकीचे तसेच ठेवा. ‘अ’ला ३० आणि ‘ब’ला २६. आता ‘अ’ जिंकला. एकाही मतदारानं मत बदललेलं नाही.

गुण जवळजवळ ठेवले की जे कुणाचंच जीव की प्राण नाही, पण कुणाला नकोही नाही, ते वर येतं. पंगतीतल्या वरण-भातासारखं. आवडता पदार्थ विचारला तर कुणी वरण-भात सांगणार नाही, पण प्रत्येकाच्या पानात तो असतोच. यादी जितकी लांब मागवाल, तितकी अशा अल्बमची चांदी. २०२० साली रोलिंग स्टोननं प्रत्येकाकडून पन्नासपर्यंत नावं मागवली होती. याच्या उलट, रॉबर्ट क्रिस्टगाउ यांनी न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’साठी चालवलेल्या वार्षिक मतदानात प्रत्येक समीक्षकाला दहा अल्बम आणि वाटायला शंभर गुण मिळत. एका अल्बमला कमीत कमी पाच, जास्तीत जास्त तीस. प्रेम किती आहे हे सांगायची सोय त्यात होती, म्हणून ती पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते.

दुसरा खेळ मतं फुटण्याचा. दहापैकी सहा जण बीटल्सवर जीव टाकणारे, पण दोघांना सार्जंट पेपर, दोघांना ‘रिव्हॉल्व्हर’ आणि दोघांना ‘ॲबी रोड’ सर्वांत प्रिय. उरलेल्या चौघांचं एकमत मार्विन गेवर. प्रत्येकाला एकच मत असेल तर मार्विन गे जिंकतो. मोठ्या यादीत हे इतकं ढोबळपणे घडत नाही, पण थोडं घडतंच. २००३ मध्ये पहिल्या दहात बीटल्सचे चार अल्बम होते. २०२० मध्ये एकच, पाचव्या नंबरवरचा ‘ॲबी रोड’, ‘रिव्हॉल्व्हर’ अकरावा. बीटल्स तिथेच आहेत, फक्त आतल्या आत आवड सरकली. माझा तर्क असा, की इंटरनेटवर एकेक सुटं गाणं ऐकणाऱ्या पिढीला ‘हिअर कम्स द सन’ आधी भेटतं आणि त्यामागून ‘ॲबी रोड’. सार्जंट पेपर सलग ऐकायचा अल्बम. त्यातलं एकही गाणं त्या वेळी सुटी रेकॉर्ड म्हणून निघालं नव्हतं.

याला सगळ्यांना पटेल अशी एखादी मतमोजणी शोधता येणार नाही का? अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९५१ साली गणितानं सिद्ध केलं, की पर्याय तीन किंवा अधिक असतील तर लोकांच्या वेगवेगळ्या क्रमांतून एक सामाईक क्रम काढताना न्याय्य वाटणाऱ्या मोजक्या साध्या अटी सगळ्या एकदम पाळणारी पद्धत असूच शकत नाही. त्यांना १९७२ साली नोबेल मिळालं. राज्यशास्त्रात हा निष्कर्ष शिकवतात. संगीताच्या याद्या छापणाऱ्यांनीही तो वाचायला हवा.

अल्बमच नसेल तर?

आणखी एक गाळणी आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ‘सर्वोत्तम अल्बम’ विचारलं की ज्या संगीताचा जीव अल्बममध्ये आहे तेच पुढे येणार. लाँग प्ले रेकॉर्ड १९४८ साली अमेरिकेत आली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाल्यावर रॉकच्या कलावंतांनी साठच्या दशकात त्या चाळीसेक मिनिटांची एक सलग कलाकृती घडवली. ती कला मोठी आहेच. पण ‘गीतरामायण’ घ्या. १९५५ च्या रामनवमीपासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून वर्षभर, आठवड्याला एक, अशी ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ५६ गाणी. एका कथेत ओवलेली, एकाच प्रतिभेतून उतरलेली. सलग रचलेल्या गीतमालिकेचं याहून मोठं उदाहरण मला सुचत नाही, पण तिचा जन्म रेडिओवर झाला, रेकॉर्ड मागून आल्या. अल्बमच्या यादीत तिचं काय करणार?

जिथे अल्बम होता तिथेही दार उघडलंच असं नाही. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ सार्जंट पेपरच्याच वर्षी, १९६७ मध्ये आला. काश्मीरच्या खोऱ्यातला एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या रागांतून सांगणारा तो अल्बम एच. एम. व्ही.त जी. एन. जोशी यांच्या पुढाकारानं झाला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक कल्पना, देशात आणि परदेशात भरपूर श्रोते, आणि संतूरला मैफलीचं वाद्य म्हणून मिळालेली ओळख. तिन्ही निकषांवर तो उभा राहतो. रोलिंग स्टोनच्या पाचशेत तो नाही, कारण ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या बहुतेकांच्या कानापर्यंत तो पोचलेला नसावा.

मग मतदाराला विचारायचं काय?

माझं मत असं : मतदाराला फक्त आवड विचारावी. लोकप्रिय काय आहे याचा अंदाज त्याच्याकडून मागू नये. ते मोजणारे तक्ते बरे-वाईट कसे का असेनात, पण आहेत. प्रभावाला नंबर देण्यापेक्षा प्रभावाची गोष्ट सांगावी. प्राग ते चार्टर ७७ हा प्रवास ‘२३ वा क्रमांक’ या दोन शब्दांत कोंबून काय हाती लागतं? माणसानं स्वतः जीव लावून काय ऐकलं, हे मात्र त्याच्याखेरीज कुणालाच सांगता येत नाही.

शिवाय आवडीत बाकीचे दोन्ही निकष आपोआप उतरतात. लोकप्रिय झालेलं कानावर पडतं, म्हणून आवडतं. आणि प्रभाव म्हणजे कुठल्यातरी वादकाची आवडच असते. बीच बॉइज या बँडच्या ब्रायन विल्सननं बीटल्सचा ‘रबर सोल’ ऐकला आणि भारावून ‘पेट साउंड्स’ केला. पॉल मॅकार्टनीनं ‘पेट साउंड्स’ ऐकला आणि त्याची ओढ सार्जंट पेपरपर्यंत पोचली. ‘पेट साउंड्स’ अमेरिकेत बीच बॉइजच्या मानानं थंडच गेला होता. तो २००३ मध्येही दुसरा होता आणि २०२० मध्येही दुसराच. सतरा वर्षांत मतदार बदलले, पण संगीत करणाऱ्यांचं त्याच्यावरचं प्रेम हललं नाही. मला ही जागा पहिल्या नंबरापेक्षा जास्त बोलकी वाटते.

यात एक अट आहे. विचारायचं खूप जणांना, आणि प्रत्येकाचं मत नावानिशी छापायचं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं ‘साइट अँड साउंड’ हे नियतकालिक दर दहा वर्षांनी सर्वोत्तम चित्रपटांसाठी मतं घेतं. २०१२ साली ८४६ समीक्षक आणि अभ्यासक होते, २०२२ साली १,६३९. पहिला नंबर त्यांच्याही यादीत बदलला आणि वाद झालाच. पण कोणत्या समीक्षकानं कोणते दहा चित्रपट लिहिले हे वाचायला मिळतं. ज्याचे चार चित्रपट आपल्यालाही प्रिय आहेत, त्याचे उरलेले सहा शोधून पाहावेत, एवढी साधी वाट त्यातून निघते. एकत्र केलेल्या क्रमातून ती निघत नाही.

मराठी ध्वनिमुद्रिकांची अशी यादी कुणी करायला घेतली, तर गायक-संगीतकार आणि समीक्षक यांच्यावर थांबू नये. स्टुडिओत काचेपलीकडे वर्षानुवर्षं ऐकत बसलेला ध्वनिमुद्रक, शेकडो गाण्यांत साथ केलेला तबलजी, आकाशवाणीच्या ग्रंथालयात तबकड्या सांभाळणाऱ्या बाई, जुन्या बाजारातून रेकॉर्ड गोळा करणारा संग्राहक, तमाशाच्या फडातला ढोलकीवाला, पणजीतला तियात्रचा गायक आणि हेडफोन लावून लोकलमध्ये उभी असलेली वीस वर्षांची मुलगी, या सगळ्यांना दहा-दहा नावं आणि वाटायला शंभर-शंभर गुण द्यावेत. अल्बमच हवा हा आग्रहही सोडावा. कॅसेट, मैफलीचं मुद्रण, रेडिओवरची मालिका, काहीही चालेल. आणि निकालाच्या पानाआधी ती सगळी उत्तरं जशीच्या तशी छापावीत.